डिवचणे व चिडवणे : स्पॅनिश बोलीतील शब्द

स्पेन व लॅटिन अमेरिकेतील बोलभाषेत दुसऱ्याला वैताग आणणे, त्याची फिरकी घेणे किंवा त्याला मुद्दाम डिवचणे यांसाठी रूढ असलेले शब्द व वाक्प्रचार. अर्थाच्या दृष्टीने त्यांचे ढोबळ तीन गट पाडता येतात : नुसता त्रास देणे (फास्तिदियार, दार ला लाता), गमतीने खेचणे (तोमार एल पेलो, बासिलार) आणि समोरचा भडकेपर्यंत कळ काढणे (पिकार, पिंचार, चिंचार). बोलण्यात या सीमा फारशा पाळल्या जात नाहीत. एकच क्रियापद सूर बदलला की दोस्तीतले ठरते किंवा भांडणाचे. काही शब्द मुलांसमोर सहज उच्चारले जातात, तर काही उघड अश्लील आहेत. पहिल्या प्रकारचे कित्येक शब्द दुसऱ्या प्रकारातल्यांवर पांघरूण म्हणूनच वापरात आले असावेत.

गोंगाटातून आलेले शब्द. या शब्दसंपदेतील एक जुना थर आवाजाशी निगडित आहे. ‘मात्राका’ म्हणजे लाकडी खुळखुळा किंवा टाळ. हा शब्द स्पेनमधील अरबीतून आला असून त्याच्या मुळाशी हातोड्याचा, ठोकण्याचा अर्थ आहे. ईस्टरपूर्वीच्या पवित्र आठवड्यात चर्चच्या घंटा मुक्या ठेवल्या जात, तेव्हा मात्राका वाजवीत. ‘दार मात्राका’ (मात्राका देणे) म्हणजे एखाद्याची सामुदायिक टर उडवणे, हा अर्थ सोळाव्या-सतराव्या शतकांत चांगलाच रुळला होता. विद्यापीठांत नवागतांचा होणारा छळ हे त्याचे ठळक उदाहरण. फ्रान्सिस्को दे केबेदो याच्या १६२६ मध्ये छापल्या गेलेल्या ‘एल बुस्कोन’ या कादंबरीत आल्काला येथील विद्यार्थी नायकावर अक्षरशः थुंक्यांचा वर्षाव करतात. पदवीदानाच्या वेळी होऊ घातलेल्या डॉक्टरची जाहीर खिल्ली उडवणारे भाषणही असे. त्याला ‘बेहामेन’ आणि काही विद्यापीठांत ‘गायो’ (कोंबडा) म्हणत. म्हणजे चेष्टेला विधीचेच स्थान होते.

‘दार ला लाता’ (पत्र्याचा डबा देणे, म्हणजेच कान किटवणे, पिडणे) या वाक्प्रचाराची उत्पत्ती वादग्रस्त आहे. एका लोकप्रिय मतानुसार त्याचा संबंध ‘थेंथेरादा’ या प्रथेशी जोडला जातो. विधुर किंवा विधवेने पुन्हा लग्न केले की गावातील पोरे रात्री त्यांच्या दारात घंटा, डबे व भांडी बडवून धिंगाणा घालीत. तिसऱ्या कार्लोस राजाच्या कारकिर्दीत, १७६५ मध्ये, माद्रिदमध्ये ही प्रथा निषिद्ध ठरवण्यात आली. खेड्यांतून ती पुढेही दीर्घकाळ टिकली. स्पष्टीकरण आकर्षक असले तरी प्रथा आणि वाक्प्रचार यांना जोडणारा दुवा अनुमानाचाच आहे. ‘दार ला मुर्गा’ याबाबत शंका कमी. ‘मुर्गा’ म्हणजे रस्त्यावर बेसूर वाजवत फिरणारा ताफा, आणि हा शब्द ‘मूसिका’चाच (संगीत) अपभ्रंश मानतात. मराठी वाचकाला येथे कोंबडा आठवेल, पण तो पुढे येणाऱ्या दुसऱ्याच वाक्प्रचारात आहे.

होदेर आणि त्याची पांघरुणे. ‘होदेर’ हे क्रियापद लॅटिन ‘फुतुएरे’पासून आले. मूळ अर्थ संभोगाचा. ‘छळणे, बिघडवून टाकणे’ हा अर्थ त्यावर नंतर चढला आणि आज स्पेनमध्ये ते उद्गारवाचक म्हणून पावलोपावली ऐकू येते. लॅटिन ‘फ’चा प्रथम ‘ह’ झाला. हा ह-कार प्रमाण स्पॅनिशमध्ये पुढे मूक झाला, पण दक्षिणेकडील उच्चारात घशातून टिकून राहिला. ‘वेल्गा’पासून ‘हुएर्गा’ (मौजमजा) हा शब्द याच वाटेने आला, त्यामुळे ‘होदेर’चे प्रचलित रूपही दाक्षिणात्य असावे असे मानले जाते.

उघड शब्द टाळण्यासाठी त्याच्याच पहिल्या अक्षराने सुरू होणारे पर्याय पुढे आले : होलीन, होपे, होबार आणि ‘होरोबार’. शेवटचा शब्द ‘होरोबा’ (पाठीचे कुबड) या अरबी मुळाच्या शब्दावरून झाला. ‘फास्तिदियार’च्या मुळाशी किळस किंवा तिटकारा या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. ‘चिंचार’ हे ‘चिंचे’ म्हणजे ढेकणापासून आले असून ते मुख्यतः मुलांचे क्रियापद. ‘चिंचा राबिन्या’ म्हणत पोरे एकमेकांना जळवतात. अमेरिकेत ‘फ्रेगार’ (घासणे) याच कामी येते. अवयवांच्या बाबतीतही पायऱ्या आहेत. ‘नाकाला हात लावणे’ (तोकार लास नारीसेस) हे सभ्य रूप, आणि नाकाच्या जागी खालचे अवयव आले की असभ्य. स्पॅनिश कादंबरीकार कामीलो होसे थेला याने १९६८ व १९७१ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या ‘दिक्सियोनारियो सेक्रेतो’त अशा शब्दांची विद्वत्तापूर्ण नोंद झाली.

चिंगारचा वाद. मेक्सिकोत ‘चिंगार’ हे या क्षेत्रातले केंद्रस्थानी असलेले क्रियापद. त्रास देण्यापासून उद्ध्वस्त करण्यापर्यंत त्याचा पल्ला जातो. त्याच्या व्युत्पत्तीविषयी निदान तीन मते आहेत. पहिले, ते कालो म्हणजे स्पेनमधील रोमा (जिप्सी) समाजाच्या बोलीतून आले, जेथे तत्सम क्रियापदाचा अर्थ भांडणे असा आहे. रोमा लोकांचा आरागोन राज्यातील सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख १४२५ चा आहे, आणि त्यांची भाषा मुळात भारतीय-आर्य कुळातली. दुसरे मत नावात्ल या आस्तेक भाषेचे. मेक्सिकन कवी ऑक्टाव्हियो पाझ (१९६२ ते १९६८ या काळात मेक्सिकोचे भारतातील राजदूत) यांनी १९५० च्या ‘एल लाबेरिंतो दे ला सोलेदाद’ या ग्रंथात दारियो रुबियो याच्या शब्दचिकित्सेचा आधार घेतला. ‘चिंगास्ते’ हा गाळ किंवा तळाचा साका या अर्थाचा शब्द ‘बी’ किंवा ‘मागेय (घायपात) या वनस्पतीचा आंबवलेला रस’ अशा अर्थांच्या नावात्ल शब्दांपासून आला असण्याची शक्यता त्यांनी नोंदवली. तिसरे मत आफ्रिकेकडे बोट दाखवते : ब्राझीलमधील पोर्तुगीजातील ‘शिंगार’ (शिव्या देणे) अंगोलातील किंबुंदू भाषेतून आला असे मानतात, आणि दोन्ही शब्दांचे साधर्म्य उघड आहे.

नावात्ल मताची अडचण भूगोलाची आहे. हे क्रियापद मेक्सिकोपुरते नाही. स्पेनमध्येही ते आढळते, आणि अर्जेंटिनात त्याचा अर्थ नेम चुकणे, फसणे किंवा झग्याची कड एका बाजूला लोंबणे असा होतो. एवढा विस्तार एका स्थानिक शब्दाला साधणे कठीण दिसते. कालोचे मत स्वीकारणे सोयीचे, मात्र वेगवेगळ्या प्रदेशांतील रूपे वेगवेगळ्या उगमांची असून नंतर एकमेकांत मिसळली, हेही अशक्य नाही. पाझ यांचे विवेचन व्युत्पत्तीपेक्षा मेक्सिकन मनाच्या चिकित्सेसाठी वाचावे हे बरे.

मेक्सिकोतच ‘आल्बुर’ हा द्व्यर्थी शब्दांचा सामना खेळला जातो. प्रतिस्पर्ध्याला लैंगिक श्लेषात अडकवायचे, आणि ज्याला प्रत्युत्तर सुचत नाही तो हरला. हा पुरुषी खेळ मानला जाई. पण मेक्सिको शहरातील तेपितो वस्तीतील लुर्देस रुईस (मृत्यू २०१९) हिने त्यात ‘आल्बुरची राणी’ अशी ख्याती मिळवली. देशाच्या उत्तरेत निव्वळ खेचण्याला ‘एचार कारीया’ म्हणतात.

चोतेओ. क्यूबातील ‘चोतेओ’ म्हणजे कशालाच गांभीर्याने न घेणारी, अधिकाराची हवा काढून घेणारी टवाळी. क्यूबन लेखक होर्हे मान्याच याने १९२८ मध्ये हवानात दिलेले ‘इंदागासियोन देल चोतेओ’ हे व्याख्यान या विषयावरील पायाभूत लेखन होय. त्याच्या मते ही केवळ विनोदबुद्धी नसून शिस्त आणि प्रतिष्ठा यांना असलेला सवयीचा विरोध आहे. शब्दाच्या उगमाबाबत त्याने दोन बाजू मांडल्या. क्यूबन मानवशास्त्रज्ञ फेर्नांदो ओर्तीस आफ्रिकी मूळ मानत असे; त्यासाठी त्याने लुकुमी (योरुबा) भाषेतील ‘बोलणे’ या अर्थाच्या शब्दाचा, तसेच टेहळणीच्या अर्थाच्या दुसऱ्या एका आफ्रिकी शब्दाचा आधार घेतला. दुसरी बाजू दक्षिण स्पेनमधील आंदालुसियातील ‘चोतो’ म्हणजे करडू या शब्दाची : करडासारखे बागडणे, तेच चोतेओ. ‘चोतेआर्से’ हे क्रियापद स्पेनमध्येही थट्टा करणे या अर्थाने प्रचलित असल्याने करडाची बाजू थोडी जड वाटते. तरीही क्यूबात शब्दाला आलेल्या धारेत आफ्रिकी वंशाच्या बोलींचा वाटा नाकारता येत नाही.

मामार गायो. कोलंबिया व व्हेनेझुएलात खेचण्यासाठी ‘मामार गायो’ (कोंबडा चोखणे) हा वाक्प्रचार आहे. त्याचा उगम बहुधा कोंबड्यांच्या झुंजीत असावा. जखमी पक्ष्याचे रक्त मालक तोंडाने शोषून काढीत, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. झुंजीत नुसती चोच लावून खरा वार न करणाऱ्या कोंबड्यावरून, असे दुसरे. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझ स्वतःला या परंपरेतला मानत असे. व्हेनेझुएलात ‘चालेकेआर’ हेही रूढ आहे.

रिओ दे ला प्लाता. ब्वेनोस आइरेस व मोंतेविदेओ परिसरात ‘कार्गार’ (लादणे) आणि ‘गास्तार’ (झिजवणे) ही खेचण्याची नेहमीची क्रियापदे. फुटबॉलमध्ये सामना हरलेल्या संघाच्या पाठीराख्यांना दुसऱ्या दिवशी जे सोसावे लागते ती ‘कार्गादा’. ‘इंचार’ (फुगवणे) म्हणजे डोके खाणे. याच क्रियापदावरून आलेल्या ‘इंचा’ (चाहता) या शब्दाची परंपरागत कथा मोंतेविदेओच्या नासियोनाल क्लबमध्ये चेंडूंत हवा भरणाऱ्या आणि मैदानाच्या कडेने आरडाओरडा करणाऱ्या प्रुदेन्सियो मिगेल रेयेस याच्याशी जोडली जाते. या भागातील लुन्फार्दो बोलीच्या अभ्यासासाठी ब्वेनोस आइरेसमध्ये १९६२ मध्ये स्वतंत्र अकादमी स्थापन झाली, त्यामुळे येथील नोंदी अधिक भरवशाच्या आहेत.

इतर प्रदेश. चिलीत ‘वेबेआर’ (‘वेबो’ म्हणजे अंडे यावरून) वेळ घालवणे, त्रास देणे व थट्टा करणे या तिन्ही अर्थांनी चालते. हजरजबाबी टोमण्याला ‘ताया’ म्हणतात. डोमिनिकन प्रजासत्ताकात ‘दार क्वेर्दा’ (चावी देणे) म्हणजे एखाद्याला चिडवत ठेवणे. लॅटिन ‘डोलणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलेले ‘बासिलार’ स्पेनसह कॅरिबियन व मध्य अमेरिकेत सर्वत्र समजते. पण स्पेनमध्ये त्यात गंडवण्याची छटा आहे, तर कॅरिबियनमध्ये मौज करण्याची. अमेरिकेतील अशा प्रादेशिक अर्थांसाठी स्पॅनिश अकादमींच्या संघाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला ‘दिक्सियोनारियो दे आमेरिकानिस्मोस’ हा सर्वांत सोयीचा संदर्भ आहे. आंतरजालावरील डिवचणीसाठी इंग्रजीवरून घेतलेले ‘त्रोलेआर’ आता सर्व देशांत चालते.