दूरध्वनीवरून ज्येष्ठांची संशोधन-नोंदणी

आरोग्यविषयक अभ्यासासाठी 60 वर्षांवरील व्यक्तींना फोन करून पात्रता तपासण्याची व त्यांचा स्वेच्छेने सहभाग मिळवण्याची पद्धत.

यादृच्छिक (कोणताही ठरावीक क्रम नसलेले) अंक जुळवून फोन लावायचे व त्यातून अभ्यासासाठी नमुना निवडायचा, या पद्धतीचे श्रेय कोणाचे, यावर मतभेद आहेत. काही जण संशोधक कूपर यांच्या 1964 च्या लेखाकडे बोट दाखवतात. सांख्यिकीतज्ज्ञ मिटॉफ्स्की यांनी 1970 च्या सुमारास सुचवलेली आणि वॅक्सबर्ग यांनी 1978 मध्ये गणिती बैठक दिलेली दोन टप्प्यांची रीत मात्र अधिक पक्की वाटते. अमेरिकी दहा अंकी क्रमांकाचे पहिले आठ अंक ठेवून शेवटचे दोन यादृच्छिक घ्यायचे. फोन घरगुती निघाला तरच त्या शंभराच्या गटातले आणखी क्रमांक लावायचे. वाया जाणारे फोन त्यामुळे घटतात.

नागपुरात हे लँडलाइनपुरतेच जमते. 0712 नंतरचे सात अंक शहराशी बांधलेले असतात. मोबाइल क्रमांकांची मालिका मात्र एका शहराची नसून महाराष्ट्र-गोवा दूरसंचार परिमंडळाची असते, शिवाय जुलै 2015 पासून तोच क्रमांक देशभर चालवता येतो. म्हणून मेडिकल, मेयो यांच्यासारख्या शहरातील सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण नोंदी किंवा ज्येष्ठ नागरिक मंडळांच्या याद्या, नीतिशास्त्र समितीच्या मंजुरीने, वापरणे इष्ट. मात्र अंथरुणाला खिळलेले ज्येष्ठ या याद्यांतून राहून जातात.

उन्हाळ्यात दुपारी 12 ते 4 फोन टाळावा. नोंदीत पुष्कळदा मुलाचा क्रमांक असतो. "बाबा झोपले, मलाच विचारा" असे उत्तर आल्यास आजाराचे नाव न काढता परत फोनची वेळ घ्यावी. संमती "काकाजीं"चीच, म्हणजे त्या ज्येष्ठाचीच हवी, मुलाची नव्हे.

साध्या फोनवर सुमारे 300 ते 3400 हर्ट्झचाच आवाज जातो. उतारवयात उंच स्वर आधीच मंदावलेले असल्याने "स", "श", "फ" हरवतात. ओरडून उपयोग नाही. सावकाश बोलावे, आकडे सुटे सांगावेत. ब्रँट, स्पेन्सर व फोल्स्टीन या संशोधकांची 1988 ची 41 गुणांची दूरध्वनी स्मृतिचाचणी इथेच फसते: न ऐकू आलेला शब्द विसरलेला धरला जातो. तिच्यातले "मेथॉडिस्ट एपिस्कोपल" (एका ख्रिस्ती पंथाचे नाव) म्हणायला लावणे किंवा अमेरिकी उपाध्यक्षाचे नाव विचारणे मराठीत तसेच ठेवता येत नाही.

संस्थेचे नाव आधी सांगावे. ओटीपी, आधार, बँक खाते कधीच विचारू नये. फोन ठेवून संस्थेच्या मुख्य क्रमांकावर खात्री करायला स्वतःहून सुचवावे. नंतर अभ्यासात काय होणार हे ज्येष्ठांकडूनच त्यांच्या शब्दांत वदवून घ्यावे. औषधचाचणी असल्यास फोनवरचा होकार पुरत नाही. लेखी संमती लागते, आणि वाचता येत नसल्यास निःपक्ष साक्षीदारही.