रोटरी बफर घेताना सगळ्यात लहान आकडा बघा

"गाडीच्या पॉलिशसाठी रोटरी बफर घेतोय. एक 3,000 आरपीएमचं (मिनिटाला 3,000 फेऱ्यांचं) आहे, दुसरं 3,500 चं. दुसरंच घेऊ ना?" मित्रानं विचारलं. मी उलट विचारलं, की ही मशीनं कमीत कमी किती फेऱ्यांवर चालतात? ते त्यानं पाहिलंच नव्हतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापतात तो वरचा आकडा. रंग टिकणार की करपणार, हे मात्र बरंचसं खालच्या आकड्यावर ठरतं.

गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला तोच जपतो. पॉलिश करताना आपण या थराचे वरचे दोन-तीन मायक्रॉन घासून काढतो. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा पृष्ठभाग खाली आला, की चरा दिसेनासा होतो.

"मशीनच्या उष्णतेनं रंग वितळतो आणि चरे भरून निघतात" असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात. ते साफ चूक आहे. नेहमीच्या क्लिअर कोटमधले रेणू एकमेकांशी रासायनिक बंधांनी जखडलेले असतात. उकडलेलं अंडं पुन्हा तापवून पातळ होत नाही, तसाच हा थरही वितळून वाहू लागत नाही. तापला की तो मऊ पडतो, आणखी तापला की करपतो. चरे "भरून निघाल्या"सारखे दिसतात ते पॉलिशमधल्या तेला-मेणामुळे. चार धुण्यांत ते पुन्हा वर येतात.

आता फिरत्या पॅडकडे, म्हणजे मशीनच्या तोंडाशी बसवलेल्या मऊ गोल चकतीकडे बघू. मधल्या बिंदूचा वेग शून्य असतो आणि कडेचा सर्वाधिक. 150 मिमी व्यासाचं पॅड मिनिटाला 600 फेरे घेत असेल, तर त्याची कड सेकंदाला 4.7 मीटर पळते. 1,500 फेऱ्यांवर हाच वेग 11.8 मीटर होतो, आणि 3,000 वर 23.6 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 85 किलोमीटर. काही जण धातू कापायच्या-घासायच्या अँगल ग्राइंडरलाच पॅड लावतात. तो दहा-अकरा हजार फेऱ्यांचा असतो. तेच पॅड 10,000 वर फिरवलं, तर कड ताशी 280 किलोमीटरनं रंग घासेल. कृपा करून हे करू नका.

घासण्याची शक्ती म्हणजे घर्षणाचं बल गुणिले वेग. 1,500 फेऱ्यांवर, दाब सगळीकडे सारखा असेल, तर पॅडचा सरासरी वेग कडेच्या दोन तृतीयांश, म्हणजे सेकंदाला जवळपास 8 मीटर भरतो. घर्षणाचं बल 15 न्यूटन धरलं, तर झाले 120 वॉट. मशीनवर 1,200 किंवा 1,600 वॉट लिहिलेलं असतं, ती त्यानं ओढलेली वीज. रंगावर त्यातला छोटा हिस्साच पोचतो, त्यामुळे वॉटचा आकडा बघून भाळू नका. पण या 120 वॉटचीही जवळपास सगळी उष्णता होते, आणि ती जाते कुठे हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

उष्णता पदार्थातून झिरपते तेव्हा एक विलक्षण नियम पाळते: अंतर दुप्पट झालं, तर वेळ चौपट लागतो. अंतराचा वर्ग भागिले त्या पदार्थाची उष्णता-विसरणक्षमता, असा तो हिशोब. रंग आणि प्लास्टिक यांची ही क्षमता सेकंदाला सुमारे 0.1 चौरस मिलिमीटर असते. रंगाचे सगळे थर मिळून 0.1 मिमी धरले, तर उष्णता साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात पत्र्याला भिडते. पोलाद उष्णता पसरवण्यात रंगाच्या शंभर पटींहून अधिक चपळ. पॅडखालचा 0.8 मिमी पत्रा जेमतेम 110 ग्रॅमचा असतो. पॅड एकाच जागी धरून ठेवलं आणि सगळी उष्णता त्या पत्र्यातच राहिली असं मानलं, तर तो सेकंदाला 2 अंशांनी तापेल. मशीन इकडून तिकडे सरकवत राहिलं, तर ही वाढ आजूबाजूला वाटली जाते.

बंपरला मात्र मागे पत्राच नाही. 3 मिमी प्लास्टिक पार करायला त्याच नियमानं 90 सेकंद लागतात. पहिल्या सेकंदात उष्णता जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर खोल शिरते आणि उरलेली वरच साचते. बॉनेटवर ज्या वेगानं काहीच बिघडत नाही, त्याच वेगानं बंपरचा रंग सुरकुतू शकतो. मी बंपरवर काम करताना मशीन दोन-तीनदा इकडून तिकडे नेलं की तळहाताची मागची बाजू रंगाला टेकवतो. हात तिथे निवांत ठेवता आला नाही, तर थांबतो.

पत्र्याच्या धारांवर तर दुहेरी संकट. रंग ओला असताना पृष्ठताण त्याला धारेपासून मागे खेचतो, त्यामुळे तिथे थर मुळातच पातळ असतो. त्यात पॅडचा सगळा दाब त्या बारीक रेषेवर एकवटतो. धारांवर मास्किंग टेप लावतात ती यासाठी.

म्हणून बफर निवडताना 600 किंवा त्याहून कमी फेऱ्यांवर नीट चालणारं मशीन घ्या. यातला "नीट" महत्त्वाचा. वायरवर चालणाऱ्या बहुतेक बफरमध्ये जी मोटर असते, ती मोकळी असली की सुसाट सुटते आणि भार आला की मंदावते. स्वस्त मशीनमधला वेगाचा डायल नुसताच व्होल्टेज कमी करतो, आणि त्याबरोबर मोटरचा जोरही जातो. पॅड दाबलं की मशीन रेंगाळतं, म्हणून आपण डायल वाढवतो, आणि हात जरा हलका झाला की पॅड एकदम उसळतं. चांगल्या मशीनमध्ये वेग सतत मोजला जातो आणि भार वाढताच वीज वाढवून तो सावरला जातो. जास्तीचे पैसे मी यासाठी देईन, वरच्या 500 फेऱ्यांसाठी नाही. हळू सुरू होण्याची सोयही हवी, नाहीतर बटण दाबताच कंपाउंडचे (रंग घासणाऱ्या लेपाचे) शिंतोडे काचेपर्यंत उडतात.

बंपर आणि आरशांसाठी 75 मिमी पॅडची वेगळी बॅकिंग प्लेट (पॅड ज्यावर चिकटतं ती चकती) घ्या. व्यास निम्मा झाला की कडेचा वेगही निम्मा होतो. घेताना मशीनच्या दांड्याचे आटे तपासा. एम14 च्या (14 मिमी आट्यांच्या) दांड्यावर पाच अष्टमांश इंचाची प्लेट नीट बसत नाही.

पहिल्यांदाच मशीन हातात धरणार असाल, तर मी रोटरीऐवजी ड्युअल अ‍ॅक्शन सुचवेन. त्यात पॅड फिरता फिरता डोलतंही, आणि जास्त दाबलं की फिरणं थांबतं. रोटरी थांबत नाही. खोल चरे ती झटपट काढते, पण तिचे बारीक ओरखडे एकाच दिशेनं पडत जातात, आणि काळ्या गाडीवर उन्हात ते धूसर पट्ट्यांसारखे तरळतात. रोटरीनंतर शेवटचा हात ड्युअल अ‍ॅक्शननं फिरवतात तो हे पट्टे घालवायला.

दुकानात मशीन चालवून बघता आलं, तर डायल सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवा, पॅड एखाद्या जुन्या पत्र्यावर टेकवा आणि हळूहळू दाब वाढवत आवाज ऐका. सूर उतरत गेला, तर ते मशीन खाली ठेवा. क्षणभर दबून पुन्हा जागेवर आला, तर आत वेग सावरणारं कुणीतरी आहे.