खुलासा: संशोधनाला प्रयोगशाळाच लागते, असं नाही

न्यूरॉलॉजीच्या (मेंदू आणि नसांच्या आजारांच्या) रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता ड्युटी करणाऱ्या, डॉक्टरांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: संशोधन करायचं तर प्रयोगशाळा, मोठं अनुदान आणि शेकडो रुग्ण हवेत, ड्युट्या करणाऱ्यानं त्या फंदात पडू नये.

हे खरं नाही. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये कंपवाताचं वर्णन केलं ते अवघ्या सहा जणांवरून, आणि त्यातले काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले! आज ज्याला गियाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) म्हणतात, त्याची गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये नोंद केली ती दोनच सैनिकांवरून: हातापायांतली ताकद गेलेली, रिफ्लेक्स (हातोडीनं ठोकल्यावर येणारा झटका) गायब, पाठीच्या कण्यातल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली, पण पेशी वाढलेल्या नाहीत. नीट तपासलं, नीट लिहून ठेवलं, एवढंच.

आजही पक्षाघाताचा रुग्ण दारात आल्यापासून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळेपर्यंतची मिनिटं कुठे गेली, सीटीसाठी थांबण्यात की नातेवाइकांच्या संमतीत, हे मोजणं रेसिडेंटला सहज जमतं. संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीला मात्र आधीच विचारायचं.

वेळेची तक्रार खोटी नाही. नाइटनंतर कोण लिहिणार? ड्युटीच्या तक्त्यातच राखीव वेळ आणि मसुद्यावर लाल पेन चालवणारा मार्गदर्शक, हे विभागानंच द्यायचं असतं.