गिअरबॉक्स खोलण्याआधी: जुनी ऑटोमॅटिक पिकअप घेतलेल्या ग्राहकांसाठी

सेकंडहँड ऑटोमॅटिक पिकअप घेतली, महिनाभर छान पळाली आणि एके दिवशी घाटात एकाच गिअरमध्ये अडकली. गाडीचा जोर गेला, मीटरवर दिवा लागला. बंद करून पुन्हा सुरू केली की बरी; थोडं अंतर गेलं की परत तेच. अशा वेळी चार जणांपैकी तिघं सांगतात, "गिअरबॉक्स गेला." गेलाही असेल. पण दुखणं असं येऊन-जाऊन असेल तर आम्हा वायरिंगवाल्यांचा पहिला संशय वायरिंगवर असतो. झिजलेली क्लच प्लेट चावी बंद-चालू केल्यानं भरून येत नाही.

टोयोटाची हायलक्स असो की इसुझूची व्ही-क्रॉस, ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलतो तो तेलाच्या दाबानं. तो दाब कुठे सोडायचा हे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह, ठरवतात आणि सोलेनॉइडना हुकूम देतो कॉम्प्युटर. सेन्सरची माहिती किंवा सोलेनॉइडचा करंट पटेनासा झाला की कॉम्प्युटर हात आखडता घेतो आणि गाडी ठरावीक गिअरवरच ठेवतो. हाच लिम्प मोड. गिअरबॉक्स वाचवण्यासाठी केलेली ती सोय आहे.

कोड काय सांगतो, काय नाही

स्कॅनरवर, म्हणजे बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, पी०७०० आला तर अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची काहीतरी तक्रार आहे. खरी तक्रार त्याच्या आतल्या कोडमध्ये असते. पी०७२० आला की अनेक जण लगेच आउटपुट स्पीड सेन्सर (गिअरबॉक्समधून बाहेर जाणारा वेग मोजणारा) बदलतात. तो कोड मात्र सेन्सरच्या अख्ख्या सर्किटबद्दल बोलतो: सेन्सर, कपलर (वायरी जोडणारा प्लग), मधली वायर, सगळं त्यात आलं. नवा सेन्सर बसवूनही तोच कोड परत आलेल्या गाड्या आमच्याकडे येतात.

म्हणून आम्ही सुरुवात बॅटरीपासून करतो. गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, सुरू असताना १३.५ ते १४.५ च्या आसपास. मग अर्थिंग. इथे नुसत्या कंटिन्युइटीवर, म्हणजे वायर सलग आहे एवढ्या खुणेवर, आमचा विश्वास नाही. वायरीतली एकच तार शाबूत असली तरी मल्टिमीटर बीप देतो, पण लोड आला की ती वायर दम सोडते. त्यामुळे लोड देऊन व्होल्टेज किती पडतो ते मोजतो. त्यानंतर स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सरचे चालू आकडे) लावून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हातानं हलवतो; आकडा उडी मारतो तिथेच बहुधा दुखणं सापडतं.

सापडतं काय? उंदरानं कुरतडलेली वायर. सायलेन्सरला टेकून वितळलेलं इन्सुलेशन. पाणी शिरून हिरवा पडलेला कपलर. कपलरमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल दिसलं तर मात्र जरा काळजी. ते वायरीच्या आतून वर चढत कॉम्प्युटरपर्यंतही पोचू शकतं. आणि सगळ्यात जास्त राग येतो तो आधीच्या मालकानं रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी वायर सोलून, नुसती पिळून, टेप मारलेल्या जोडाचा.

एक छोटी गोष्ट: लिव्हर पार्कमधून हलतच नसेल तर ब्रेक दाबून मागचे ब्रेक लाइट लागतात का पाहा. नसतील लागत, तर फ्यूज किंवा ब्रेक स्विच तपासण्यावर काम भागू शकतं.

आणण्यापूर्वी

कोड उडवू नका, बॅटरीही काढू नका. आमचा अर्धा पुरावा जातो. खालून प्रेशर वॉश नको. टेस्ट लॅम्पनं कॉम्प्युटरच्या वायरी टोचू देऊ नका. गाडी चालण्यासारखी नसेल तर फ्लॅटबेडवर (गाडी पूर्ण उचलून नेणाऱ्या ट्रकवर) आणा, चाकं फिरवत ओढून आणू नका.

तपासणीत सापडलेली वायर आम्ही तुम्हाला दाखवतो, जोड सोल्डर करून स्लीव्ह चढवतो. ऑइल काळं पडून जळका वास येत असेल, तर वायरिंगचं बिल न वाढवता गिअरबॉक्सवाल्याकडे जा असं सरळ सांगतो.

येताना एवढं लिहून आणा: त्रास गाडी थंड असताना होतो की तापल्यावर, खड्ड्यात होतो की पावसात, आणि गाडी घेतल्यापासून वायरिंगला कोणाकोणाचा हात लागला.