कॅप्रिस की क्राउन व्हिक्टोरिया?

नव्वदच्या दशकातल्या न्यूयॉर्कचे फोटो पाहिले की पिवळ्या टॅक्स्या आणि पोलिसांच्या गाड्यांमध्ये एक लांबलचक, गोलसर सेदान सतत दिसते. ती शेव्हरले कॅप्रिस की फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया, यात भले भले चुकतात. नवल नाही. दोन्हींना पुढे व्ही-८ इंजिन, ताकद मागच्या चाकांना, खाली वेगळी चासी आणि तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी.

आधी मागचं चाक बघा. १९९१ आणि १९९२ च्या कॅप्रिस सेदानमध्ये चाकाचा वरचा भाग पत्र्याआड गेलेला असतो, त्यामुळे आधीच फुगीर असलेली गाडी पाण्याबाहेर पडलेल्या देवमाशासारखी दिसते. लोकांनी इतकी टिंगल केली की १९९३ मध्ये ती कमान मोकळी झाली. त्यापुढच्या गाड्यांसाठी सरळ नाकावरचं चिन्ह बघावं. १९९८ नंतरची चौकोनी, ताठ मागच्या काचेची गाडी असेल तर ती फोर्डच. ही कॅप्रिस तोवर बंद पडली होती. (२०११ मध्ये ऑस्ट्रेलियातून पोलिसांसाठी आणलेली कॅप्रिस ही निराळीच गाडी.)

खरा फरक बॉनेटखाली आहे. १९९४ पासून पोलिसांच्या कॅप्रिसला ५.७ लिटरचं एलटी१ इंजिन मिळू लागलं. शेव्हरलेच्याच कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या घराण्यातलं, २६० अश्वशक्तीचं. समोर फोर्डचं ४.६ लिटर, पोलिसांच्या गाडीतही २१० च्या आसपास. पाठलागात कोण पुढे राहणार हे सांगायला नको.

तरी टिकली फोर्ड. शेव्हरलेची मालक कंपनी जनरल मोटर्स हिला टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात जास्त नफ्याच्या मोठ्या एसयूव्ही बनवायच्या होत्या, म्हणून १९९६ च्या अखेरीस कॅप्रिसचं उत्पादन थांबलं. मैदान मोकळं झालं, आणि कॅनडातल्या सेंट थॉमसच्या कारखान्यातून क्राउन व्हिक्टोरिया सप्टेंबर २०११ पर्यंत बाहेर पडत राहिली. पोलीस आणि टॅक्सीवाल्यांना बरीच वर्षं तोडीस तोड पर्यायच उरला नव्हता. माझ्या मते फोर्डच्या दीर्घायुष्याचं अर्धं श्रेय जनरल मोटर्सच्या हिशेबाला जातं.

आज जुनी घ्यायची तर दुखणी वेगळी. एलटी१ चं डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) इंजिनाच्या पुढच्या बाजूला, वॉटर पंपाच्या खाली बसवलंय. पंप गळला की कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) थेट त्याच्यावर, आणि दुरुस्तीला बरंच काही उघडावं लागतं. फोर्डच्या १९९६ ते २००१ च्या गाड्यांत प्लॅस्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) कूलंटच्या वाटेपाशी तडकतो. तो बदलून अॅल्युमिनियमच्या जोडाचा बसवलाय का, हे विकणाऱ्याला आधी विचारा. हौसेसाठी मी कॅप्रिसच घेईन. रोज चालवायला मात्र २००३ नंतरची फोर्ड बरी: त्या वर्षी चासी नवी आली आणि रॅक-अँड-पिनियन (दातेरी पट्टी आणि चक्रावर चालणारं) स्टिअरिंगही.