कंपनीतल्या मेडिकलच्या फाईली आणि जिल्ह्यातला ताप

लोटे परशुराम, महाड, रोहा, कुठल्याही एमआयडीसीत घातक केमिकलवर काम करणाऱ्या माणसाची निदान वर्षातून एकदा मेडिकल होते आणि त्याची नोंद कंपनीला जपून ठेवावी लागते. हे आधी एवढं सक्तीचं नव्हतं, भोपाळ झालं १९८४ला आणि मग १९८७ला फॅक्टरी कायद्यात हे कलम घातलं. मूळ कायदा १९४८चा, त्यात शिशाची विषबाधा, सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार), अँथ्रॅक्स अशा आजारांची यादी होती (२०२५ला हा कायदा नव्या कामगार संहितेत गेला), पेशंट दिसला की डॉक्टरने फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसला कळवायचं. ही पद्धत ब्रिटनमधून आलेली, तिथे १८९५पासून होती.

साथीच्या आजारांचं खातं मात्र पूर्ण वेगळं. २००४ला आयडीएसपी, म्हणजे साथीच्या आजारांवर नजर ठेवायचा सरकारी कार्यक्रम, सुरू झाला, त्यात गावपातळीवरचा आरोग्य कर्मचारी, डॉक्टर आणि लॅब यांनी दर आठवड्याला फॉर्म भरून जिल्ह्याला पाठवायचे, आणि २०२१पासून तेच ऑनलाइन. म्हणजे एकाच माणसाचा ताप, पण कंपनीची फाईल एका खात्याकडे आणि पीएचसीचा फॉर्म दुसऱ्या खात्याकडे, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते.

कारण आजार आधी कामावरच दिसतो हो! लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) जंतू जपानमध्ये १९१५च्या सुमारास सापडला तोसुद्धा कोळसा खाणीतल्या कामगारांच्या आजारावरून. आपल्याकडे तोच लेप्टो लावणीच्या चिखलात, पायाला जखम असली की आत शिरतो. गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाचं बघा, २०१६ला सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात पेशंट निघाले, पुढच्या वर्षी बांद्याकडे, आणि गोचिडीचा हंगाम नेमका काजूच्या हंगामात येतो, बी गोळा करणाऱ्या बायका वाकून पाचोळ्यात हात घालतात तिथेच ती चिकटते. पण काजूच्या बागेत मस्टर कुठलं, लावणीला आलेल्या बायांची मेडिकल कोण करतो, आंब्याच्या बागेतले नेपाळी राखणे, ट्रॉलरवरचे खलाशी, यांची तर फाईलच नाही. ज्यांना धोका जास्त त्यांचीच नोंद नाही.

आणि कामगार घाबरतो तेही खरंच आहे, अनफिट लिहिलं तर काम जाईल म्हणून तो ताप लपवतो. म्हणून कामावरच्या तापाची माहिती जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला देताना नाव द्यायची गरजच नाही, गाव, कामाची जागा, लक्षण आणि तारीख एवढं कळलं तरी एकाच बागेतले चार ताप वेळेत लक्षात येतात.