संधी वाढली की खेळ सुधारला? एनबीएतल्या तरुण पोरांबद्दलचा नेहमीचा घोळ

ऑक्टोबर जवळ आला की एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघणाऱ्या आपल्या प्रत्येक ग्रुपवर एक यादी फिरायला लागते, यंदा ब्रेकआउट कोणाचा, म्हणजे कोणता पोरगा एकदम चमकणार. आणि दर वर्षी त्या यादीत दोन अगदी वेगळ्या प्रकारची पोरं एकाच रांगेत उभी केलेली असतात. एक, ज्याला यंदा जास्त खेळायला मिळणारे. दुसरा, जो यंदा जास्त चांगला खेळणारे. दोघांचेही पॉइंट्स पर गेम वाढतात, त्यामुळे सीझन संपल्यावर "बघ, म्हटलं नव्हतं?" म्हणायला दोघंही चालतात आणि घोळ पुढच्या वर्षी परत तसाच. मला याचा आता खरंच कंटाळा आलाय.

संधीचा भाग तुम्हाला कळतो, कारण आपण सगळे क्रिकेट बघत मोठे झालोय. मार्च १९९४, ऑकलंड, सिद्धूची मान आखडली म्हणून सचिन वनडेत पहिल्यांदा ओपनिंगला गेला आणि ४९ बॉलमध्ये ८२ मारले. आदल्या रात्रीत त्याची बॅटिंग सुधारली नव्हती, नंबर बदलला होता. एवढं सगळ्यांना समजतं, पण बास्केटबॉलमध्ये तेच झालं की गाडी लगेच "पोराने सुट्टीत काय मेहनत घेतलीये" वर येते.

सबोनिसचं बघा. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये पेसर्स आणि किंग्जच्या दोन प्रीसीझन मॅचेस झाल्या, भारतातल्या पहिल्याच एनबीए मॅचेस. त्या पेसर्समध्ये डोमांटास सबोनिस होता, वय २३. आदल्या सीझनला बेंचवरून येऊन मॅचमागे सरासरी २४.८ मिनिटांत १४.१ पॉइंट्स, ९.३ रीबाउंड्स (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल). त्या उन्हाळ्यात थॅडियस यंग शिकागोला गेला, पॉवर फॉरवर्डची जागा मोकळी झाली आणि सबोनिस स्टार्टर झाला, म्हणजे सुरुवातीच्या पाचांतला. मग २०१९-२० मध्ये ३४.८ मिनिटं, १८.५ पॉइंट्स, १२.४ रीबाउंड्स आणि पहिल्यांदा ऑलस्टार. आता हेच ३६ मिनिटांवर आणा, म्हणजे दोन्ही वर्षी तो मॅचला ३६ मिनिटं खेळला असता तर किती झाले असते ते काढा: पॉइंट्स आधी साडेवीस, नंतर एकोणीस. रीबाउंड्स साडेतेराचे पावणेतेरा. शॉटची टक्केवारी, म्हणजे मारलेल्यातले किती आत गेले, ५९ वरून ५४. म्हणजे मिनिटाच्या हिशेबात कमीच झालं सगळं! वाढलं ते पासिंग, असिस्ट (ज्या पासवर लगेच बास्केट होते ते) २.९ चे ५, आणि ते मिनिटांचा हिशेब करूनही वाढलेलंच दिसतं. स्टार्टर्ससमोर खेळून एवढं टिकवणं सोपं नाही हे मान्य, पण कौतुक चाललं होतं ते डबल-डबलचं (पॉइंट्स आणि रीबाउंड्स दोन्ही दहाच्या वर), जे निव्वळ दहा जास्तीच्या मिनिटांतून आलं होतं.

हा पर-३६ चा हिशेब आता बहुतेकांना येतो, त्यात वेळ घालवत नाही. एकच विनंती, हातातून गेलेल्या मॅचची शेवटची पाच मिनिटं खेळणाऱ्या पोराचे आकडे ३६ मिनिटांवर ताणून "हा तर छुपा स्टार" म्हणू नका, त्या पाच मिनिटांत समोर कोण खेळत असतं ते एकदा बघा.

खरी गोची पुढे आहे. पर-३६ काढलं की लोकांना वाटतं संधी वजा झाली, उरला तो खेळ. नाही होत वजा. मिनिटं ही संधीची एक बाजू झाली, दुसरी बाजू म्हणजे त्या मिनिटांत टीमचा डाव किती वेळा तुमच्या हातात संपतो. याला यूसेज म्हणतात: तुम्ही कोर्टवर असताना टीमची जेवढी पझेशन्स झाली (बॉल टीमच्या ताब्यात आला की एक पझेशन) त्यातली किती तुमच्या शॉटने, तुमच्या फ्री थ्रोने (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) किंवा तुम्ही बॉल घालवल्याने संपली. कोर्टवर पाच जण, म्हणून सरासरी वाटा २० टक्के. मोठे स्टार तिशीच्या आसपास असतात, कोपऱ्यात उभं राहून पासची वाट बघणारे बारा-पंधरावर. आता कोचने एखाद्याचा वाटा १८ वरून २५ केला तर त्याचे पर-३६ पॉइंट्स वाढणारच, मग तो तसूभरही सुधारलेला नसला तरी.

पण इथून लोक थेट दुसऱ्या टोकाला जातात, की मग यूसेजमुळे वाढलेलं सगळं खोटं. तसंही नाही. एका मॅचमध्ये सोपे शॉट मोजकेच असतात. दिवसाला आठ शॉट मारणारा पोरगा ते आठ निवडून मारतो, कोणीतरी आयता पास दिला, समोर कोणी नाही, मार. त्यालाच सोळा मारायला सांगितले की पुढचे आठ येतात ते शॉट क्लॉकची, म्हणजे शॉट मारायच्या मुदतीची, चार सेकंदं उरलेली असताना, ड्रिबल करत, अंगावर समोरच्या टीमचा सगळ्यात चिवट डिफेंडर घेऊन. त्यामुळे वाटा वाढला की अचूकता थोडी पडते, हे गृहीतच धरायचं. म्हणूनच वाटा भरपूर वाढून टक्केवारी जागच्या जागी राहिली असेल तर तो पोरगा चांगलाच खेळतोय. "टक्केवारी तर तीच आहे, काय सुधारला?" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं, अरे तीच आहे हीच तर बातमी आहे! आणि उलट केसमध्ये, म्हणजे टक्केवारी ४४ ची ४९ झाली पण शॉट निम्मे झाले, तिथे हीच मंडळी "एफिशियंट झालाय" म्हणून नाचतात. त्याच्याकडून अवघड काम काढून घेतलंय फक्त.

दोन खेळाडू शेजारी ठेवतो, दोघांनाही मोस्ट इम्प्रूव्हड प्लेयर, म्हणजे सीझनमध्ये सगळ्यात जास्त सुधारलेल्या खेळाडूचा पुरस्कार, मिळालंय, तेही लागोपाठच्या वर्षी.

सीजे मॅकॉलम, पोर्टलँड. २०१४-१५ मध्ये १५.७ मिनिटं, ६.८ पॉइंट्स. २०१५ च्या उन्हाळ्यात ऑल्ड्रिज, मॅथ्यूज, बातूम, रॉबिन लोपेझ असे चौघं गेले, म्हणजे लिलार्ड सोडून अख्खी स्टार्टिंग फाइव्ह. पुढच्या सीझनला मॅकॉलम ३४.८ मिनिटं, २०.८ पॉइंट्स. शॉट सहाच्या आसपास होते ते जवळजवळ अठरा झाले, आणि टक्केवारी ४३.६ वरून ४४.८, थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंट्सचे शॉट) ३९.६ वरून ४१.७. शॉट तिप्पट, अचूकता उलट किंचित वरच. आता हा उन्हाळ्यात सुधारला का? माझं मत, नाही, तो आधीच तयार होता, फक्त बसलेला होता. पुरावा एप्रिल २०१५ चाच आहे, मॅथ्यूज मार्चमध्ये जखमी झाला होता म्हणून मेम्फिसविरुद्धच्या प्लेऑफमध्ये मॅकॉलमला मिनिटं मिळाली आणि शेवटच्या मॅचमध्ये पठ्ठ्याने ३३ पॉइंट्स मारले. नेम आधीच दिसलेला आणि वर जागा रिकामी, अंदाज बांधायला याच्याइतकी सोपी केस नाही.

जिमी बटलर, शिकागो. २०१३-१४ मध्ये ३८.७ मिनिटं, १३.१ पॉइंट्स. २०१४-१५ मध्ये मिनिटं पुन्हा ३८.७, पॉइंट्स २०. दशांशापर्यंत तीच मिनिटं! थिबोडो कोच असल्यावर आधीच एवढं पळवलेलं असतं की मिनिटं वाढायला जागाच उरत नाही. शॉट दहाच्या आसपास होते ते चौदा झाले, म्हणजे वाटा वाढला, आणि तरी टक्केवारी ३९.७ वरून ४६.२ वर गेली. फ्री थ्रो पाचाचे सात, म्हणजे तो आत घुसून फाउल काढायला लागला. आधी ऑक्टोबरमध्ये त्याने शिकागो बुल्सची करार वाढवायची ऑफर नाकारली होती, ते किती बरोबर होतं हे सीझनने दाखवलं. जास्त काम आणि तेही जास्त नीट, सुधारणा म्हणतात ती ही. आणि असली सुधारणा रोस्टर, म्हणजे टीमची खेळाडूंची यादी, बघून आधी कळत नाही, म्हणूनच यादी करणारे ती टाळतात आणि ज्याच्या पुढचा माणूस टीम सोडून गेलाय त्याचं नाव लिहून "भाकीत" म्हणतात. ते भाकीत नाही, रिकाम्या खुर्च्या मोजणं आहे.

संधीच संधी आणि खेळ तिथेच, अशी केस हवी असेल तर मायकल कार्टर-विल्यम्स. फिलाडेल्फिया २०१३-१४, १९ जिंकले ६३ हरले, बॉल सतत याच्याकडे, १६.७ पॉइंट्स आणि रूकी ऑफ द इयर, म्हणजे नव्या पोरांमधला सर्वोत्तम. टक्केवारी ४०.५, थ्री २६.४. पुढच्याच सीझनमध्ये टीमने त्याला ट्रेड केलं आणि १६.७ ला तो परत कधी पोहोचला नाही. हरणाऱ्या टीममध्येही कोणालातरी शॉट मारावेच लागतात, मारणाऱ्याच्या नावावर आकडे जमतात.

थ्री-पॉइंटचं एक वेगळं लचांड आहे. एका सीझनची थ्रीची टक्केवारी बघून "शॉट बसला याचा" म्हणणाऱ्यांनी थोडं गणित करावं: खरोखर ३६ टक्क्यांचा शूटर सीझनला ३९० थ्री मारत असेल तर निव्वळ नशिबाने तो ३१ ते ४१ मध्ये कुठेही दिसू शकतो. ज्युलियस रँडल २०१९-२० मध्ये २७.७ टक्के, २०२०-२१ मध्ये ४१.१ टक्के आणि मोस्ट इम्प्रूव्हड, २०२१-२२ मध्ये परत ३०.८. मधल्या वर्षी त्याने मारलेले थ्री चारशेच्या आतच होते. त्याच्या आदल्या वर्षीचा विजेता ब्रँडन इंग्रम बघा, थ्री ३३ वरून ३९.१, पण सोबत फ्री थ्रो ६७.५ वरून ८५.१. हा नेम त्याच्या पुढच्या वर्षीही टिकला. फ्री थ्रोला समोर कोणी नसतं, अंतर तेच, पास कसा आला हा प्रश्न नाही, त्यामुळे हाताचं वळण खरंच बदललंय का ते तिथे दिसतं. पोराचा शॉट सुधारेल का असं मला कोणी विचारलं तर मी थ्रीची टक्केवारी सगळ्यात शेवटी बघतो.

वयाबद्दल फार बोलण्यासारखं नाही, लहान वय म्हणजे वाढायला जास्त जागा, फक्त "दुसरं वर्ष" आणि "लहान वय" एक समजू नका, कॉलेज पूर्ण करून आलेला २३ वर्षांचा सेकंड इयर आणि २० वर्षांचा सेकंड इयर यांची तुलनाच नाही. मोस्ट इम्प्रूव्हडच्या पुरस्काराचंही तसंच, तो कोणाला मिळेल हे ओळखायचं असेल तर मतदार कसे वागतात ते बघायचं. २००६-०७ ला माँटा एलिसनंतर २०२४-२५ पर्यंत दुसऱ्या वर्षाच्या एकाही खेळाडूला तो मिळालेला नाही, कारण दुसऱ्या वर्षी सुधारणं हे तर अपेक्षितच असं मत देणारे धरून चालतात. खेळात सगळ्यात मोठी उडी कदाचित तिथेच असेल, पण ट्रॉफी नाही.

फँटसी (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर आपली टीम लावायचा खेळ) खेळणाऱ्यांना अर्थात यातलं काहीच नको असतं, त्यांना संधीच हवी. त्यांनी बिनधास्त रोस्टर बघावं, कोण गेलं, कोण जखमी आहे, नवा कोच कोणाला बॉल देतो, आणि मोकळं व्हावं. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते जुलैत लास वेगसच्या समर लीगमधली एक मॅच बघून किंवा रिकाम्या जिममध्ये कोणी अंगावर नसताना थ्री मारतानाचा व्हिडिओ बघून "पोरगा बदललाय" सांगणाऱ्यांशी. रिकाम्या जिममध्ये सगळेच मारतात हो, तो धंदाच आहे त्यांचा.

डायसन डॅनियल्स घ्या, २०२४-२५ चा मोस्ट इम्प्रूव्हड. न्यू ऑर्लिन्समधून अटलांटाला आला, मिनिटं २२.३ ची ३३.८, पॉइंट्स ५.८ चे १४.१. यात संधीचा वाटा मोठा आहे हे उघड आहे. पण स्टील्स, म्हणजे समोरच्या टीमकडून हिसकावलेले बॉल, १.४ चे ३ झाले, आणि पर-३६ काढलं तरी सव्वादोनाचे सव्वातीन होतात. स्टीलसाठी कोणी तुम्हाला पास देत नाही, कोच तुमच्यासाठी प्ले काढत नाही, त्यामुळे ती वाढ मी डोळे झाकून खेळाच्या खात्यात टाकतो. थ्रीचं म्हणाल तर त्या वर्षी ३४ टक्के दिसतात आणि "आता शूटरही झाला" म्हणणारे लगेच भेटतात. फ्री थ्रो बघा, दोन्ही वर्षी साठीच्या आसपासच.